चिकणमातीखालचं पाणी

९ एप्रिल

चि. छोटीस दादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे सगळे खुशाल, म्हणजे बाबा आणि मी मातीत लोळतोय आणि आई आमच्या कपड्यांना वैतागली आहे. शाळेची विहीर बावन्न फुटांवर आली, पण पाण्याचा टिपूस नाही. वरच्या मुरमात ओल होती, तीही यंदा आटली. खाली राखाडी चिकणमाती लागली, ती संपायचं नाव घेत नाही. हेडमास्तर रोज डोकावतात आणि बाबांचा पारा चढतो. चाळीस वर्षांत त्यांची एकही विहीर कोरडी गेलेली नाही. आता मलाही उतरू देत नाहीत, स्वतःच खणतात. परवापासून तळ पायाखाली गादीसारखा दबतोय, म्हणजे काम झपाट्याने होईल म्हणतात.

तू ऑफिसात बसून जमिनीखालचं पाणी मोजतेस, म्हणून मातीचा गोळा डबीतून पाठवतोय. आणखी किती खणायचं ते सांग. लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.

तुझा दादा

१२ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

खणणं आजच थांबवा. फोन लागत नाही, म्हणून आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देते आहे.

तुमच्या टेकडीलगतच्या जुन्या बोअरची नोंद काढली. तिथे हीच माती पंचावन्न फुटांवर संपते आणि खाली पाण्याने भरलेली वाळू आहे. टेकडीवर मुरणारं पाणी त्या वाळूत उतरतं आणि चिकणमातीच्या झाकणाखाली दाबून राहतं. झाकण फुटलं तेव्हा बोअरमध्ये पाणी जमिनीखाली वीस फुटांपर्यंत वर चढलं होतं. तळ दबतोय म्हणजे माती नरम आहे असं नाही, खालचं पाणी तिला उचलतं आहे, ती कधीही फुटेल. बाबा त्याच झाकणावर उभे आहेत.

मी फुटपट्टीने विहिरी खणते, असं म्हणून ते हसतात. हसू देत. पत्र वाचून दाखवू नकोस, ते खालूनच हं हं करतील. त्यांच्याच हातात दे. आईला नमस्कार. माझ्यावर रागवा, पण माया असू द्या.

छोटी

१३ एप्रिल

चि. छोटीस आशीर्वाद.

बाबा सुखरूप आहेत, हे आधी. तुझं पत्र मळक्या हातांनी धरायचं नाही म्हणून ते वर आले. संपलं की उतरतो म्हणाले. हात धुतले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवरच पोरगी शेफारली म्हणून कुरकुरले. दुसऱ्या परिच्छेदाला पोचले तोच विहिरीतून ट्रकभर खडी ओतल्यासारखा आवाज झाला. पहार, घमेलं, अर्धी शिडी, सगळं पाण्याखाली गेलं. तासाभरात पाणी एकवीस फुटांवर येऊन थांबलं. हेडमास्तर टाळ्या वाजवत होते. मी मात्र बाबांचा सदरा घट्ट धरून उभा होतो, छोटे. खूप घाबरलो होतो.

पुढचं बाबा लिहितात.

चि. छोटीस,

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे. पाणी वरून झिरपत खाली जातं, ते भेटेपर्यंत खणायचं, एवढंच मी आजवर धरून चाललो. अशीच राखाडी माती लागली म्हणून मागे टेकडीपलीकडच्या गावात एक विहीर अर्ध्यावर सोडली होती, ती कोरड्यात कधी मोजलीच नाही. मालकांना सांगून आलो होतो की, पुढेमागे निर्धास्त खोल करा. ते काम उद्या सुरू होतंय आणि माझाच जुना गडी उतरणार आहे. तिकडचाही फोन लागत नाही.

तुझं पत्र खिशात घेतलंय. पण तो माझ्या शब्दावर उतरतोय, तेव्हा मी चुकलो हे मलाच तोंडाने सांगायला हवं. ही आत्ताची बस धरतो. वाटेत कुठे थांबत नाही. तो उतरायच्या आत पोचलो, की कळवीन.

तुझे बाबा