अर्जातील ‘नाही’

३ जून. कन्येच्या घरी सुखरूप पोहोचलो. खिडकीशी टेबल व भिंतीला आरसा असलेली स्वतंत्र खोली मला दिली आहे. हृदयाची झडप बदलावयाची आहे, म्हणून येथे मुक्काम. शिक्षण चौथीपर्यंतच झाले, तरी अक्षर वळणदार आहे. वय चौऱ्याहत्तर, दात बत्तीस. बाबांच्या भरवशावर राहिला तर दंतवैद्य उपाशी मरेल, असे जावई म्हणाले. सर्व हसले.

४ जून. रुग्णालयाचा छापील अर्ज कन्या भरू लागली, तो मी काढून घेतला. ‘हिरड्यांतून रक्त येते काय?’ येथे स्वच्छ अक्षरात ‘नाही’ लिहिले. दंततपासणीच्या रकान्यात ‘गरज नाही’ लिहून सही केली. रक्त सहा वर्षे येते. परंतु तेवढ्यासाठी परक्यापुढे तोंड वासणे मला शोभत नाही.

सात वर्षांच्या नातीचा दुधाचा दात हलतो आहे. तिने माझाही चाचपून पाहिला व म्हणाली, “आजोबा, तुमचापण हलतोय.” कोणास सांगणार नाही, असे वचन तिच्याकडून घेतले.

२२ जून. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडून काल घरी आलो. उशीस कान लावला असता नवी झडप टिकटिकते. नात तिला घड्याळ म्हणते.

२९ जून. सलग चार दिवस ताप. पाण्यालाही रक्ताची चव. नखांखाली लाल रेघा उमटल्या आहेत, जणू कुसळे रुतली. घासून निघत नाहीत.

२ जुलै. पुन्हा रुग्णालयात. हिरड्यांतील जंतू रक्तावाटे हृदयात जाऊन नव्या झडपेवर वाढत आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. मग अर्ज पुढे धरून विचारले, “हे अक्षर कुणाचं?”

“माझे,” मी म्हणालो.

कन्येने अर्ज दोनदा वाचला.

१७ जुलै. जंतू औषधांना दाद देत नाहीत. दुसरी शस्त्रक्रिया शरीरास सोसणार नाही. घरी पाठविले. त्यांना आवडेल ते खाऊ द्या, असे डॉक्टर कन्येस हळू आवाजात म्हणाले. मी ऐकले.

१९ जुलै. टिकटिक चुकते. दोन ठोके— मग काहीच नाही— मग एकदम तीन. आरशात तोंड उघडले. दात शुभ्र. मुळाशी पू. रोज घासून चकाकविले, ते हेच—

२० जुलै. पक्षाघाताने उजवा हात गेला, जीभही जड. डाव्याने लिहितो. अक्षर वाईट— क्षमा असावी.

नात दाराशी आली. “मी आईला सांगितलं असतं तर तुम्ही बरे झाला असता का?” उत्तरासाठी तोंड उघडले. शब्द नाही. दात तेवढा पडला.

कन्येने हे तिला वाचून दाखवावे. बाळ, वचन मी घेतले. तुझा यात काही—