ओठावरच्या पुटकुळ्या

प्रिय आई,

इथे कोचीत मी मजेत आहे. मेसचा भात अंगाला लागलाय. नर्सिंगचे दोनच पेपर उरलेत, तेव्हा काळजी करू नकोस.

पप्पांच्या पुटकुळ्यांचा फोटो पाहिला. वस्तऱ्याने कापलेला केस आतल्या आत वळून वाढला की असं होतं. कोमट पाण्यात फडकं पिळून शेक दे, मग बांधावरच्या कोरफडीचा गर लाव. लिंबू चोळू नकोस आणि सुईने केस उकरू नकोस. थोडे दिवस दाढी बंद.

पण आई, फोटो एवढा जवळून का काढलास? नुसता नाकाखालचा ओठ. पप्पांची मिशी कुठे गेली? आपल्या स्वराजला मिसरूड फुटलं तेव्हा पप्पांनीच त्याला दटावलं होतं, बाप हयात असेपर्यंत मिशीला वस्तरा लावायचा नाही म्हणून.

फोनवर विचारलं तर म्हणालीस, उकडत होतं, काढली. पप्पा उकडतंय म्हणून मिशी काढतील होय? आजोबांना फोन दे म्हटलं की ते कायम झोपलेले. स्वराजच्या तोंडून निघून गेलं की तुम्ही सगळे गंगेवर गेला होतात. ऐन झेंडू तोडायच्या दिवसांत, कशाला? फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र.

माझ्या परीक्षेपायी काही लपवू नकोस.

आता शेवटी थोरांना नमस्कार लिहायचा. तुला आणि पप्पांना नमस्कार.

आजोबांना लिहू का?

तुझी,
मंजुषा