शहाडच्या जपानी कंपनीतली शाल

कळवा, दि. ९ फेब्रुवारी १९९४

प्रिय गोमाजी,

तुला आणि मनुवहिनींना माझा व आवडाबाईचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? खडवलीच्या नदीवर अजून पोहायला जात असशील तर जाऊ नकोस. आणि जाणारच असशील तर कविता म्हणत जा, दम किती उरला ते कळतं.

मी सहा महिन्यांपासून नोकरीला आहे, हे तुला कळवायचं राहिलंच. (हसू नकोस. वय चौसष्ट, दात बावीस.) शहाडला एक जपानी कंपनी आहे, पंपांचे सुटे भाग करते. तिथले मोठे साहेब नाकागावा एका गोष्टीने हैराण झालेले. त्यांच्या देशात म्हणे माणूस कंपनीत एकदा लागला की केस पिकेपर्यंत तिथेच. आणि इथली पोरं वर्ष-दोन वर्षांत राजीनामा ठेवून पसार! ती का जातात ते साहेबांना कोणी सांगेना. ऑफिसातली कलावती माझी जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, “आमच्या गुरुजींपुढे कोणी खोटं बोलत नाही.” झालं, जाणाऱ्याला ‘का रे बाबा जातोस?’ एवढं विचारायला माझी नेमणूक झाली.

पहिला आला दगडू, लेथ मशीनवरचा. म्हणाला, “गुरुजी, काम बरा हाय, उसळ पन बरी हाय. पन दोन वरसां उभा हाय मी, मना कोनी नावानी हाक नाय मारली.” तुला ठाऊक आहे, चौतीस वर्षं फळा पुसून मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात हेडमास्तरांना कावीळ झाली आणि माझा निरोप समारंभ ‘पुढच्या सोमवारवर’ ढकलला गेला. तो सोमवार सहा वर्षांत उगवलेला नाही. म्हटलं, आपलं राहिलं ते राहिलं, हा पोरगा तसा जाता कामा नये. साहेबांच्या परवानगीने शाल आणली, नारळ आणला, चार जणांना बोलायला लावलं आणि स्वतः रचलेलं म्हटलं:

निघालास मित्रा, रिती लेथ झाली,
तुझ्यावीण तेलास नाहीच वाली!

(भुजंगप्रयात आहे. बोटांवर मोजून बघ, एक मात्रा हलणार नाही.) कॅन्टीनवाल्या धोंडीबाने डोळे पुसले. नाकागावासाहेब कंबरेत इतके वाकले की चष्मा नारळावर पडला. आणि दगडू? तो शाल सावरत म्हणाला, “मंग आता जाव कशाला?” आणि राजीनामा फाडून लेथवर जाऊन उभा राहिला!

मला वाटलं, जिंकलो. पुढच्या सोमवारी अकरा राजीनामे आले, रे! त्यातल्या चौघांना लागून महिनाही झाला नव्हता. प्रत्येकाला शाल हवी, चार शब्द हवेत आणि कविता ‘दगडूच्यापेक्षा लांब’ हवी. साहेबांच्या भिंतीवरच्या आलेखात राजीनाम्यांची तांबडी रेघ असते, ती कागद सोडून वर चढली. कलावतीने वर दुसरा कागद डकवला. धोंडीबा आठवडाभर समारंभांतल्या नारळांची चटणी वाढत होता. आवडाबाई म्हणाली, “तुम्हाला गळती थांबवायला ठेवलंय की नळ सोडायला?”

शेवटी दगडूनेच वाट दाखवली. “गुरुजी, जानाऱ्याला कशाला शाल देताव? ऱ्हानाऱ्याला द्या!” अरे, चौतीस वर्षांत मला हे सुचलं नाही. साहेबांना सांगितलं, तर ते खुर्चीवरून उठून हसले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ‘राहण्याचा समारंभ’ होतो. साहेब एकेकाला नावानिशी हाक मारतात (दगडूचं ‘दागादू’ होतं, पण तो खूश), त्याचं काम काय चांगलं झालं ते सगळ्यांदेखत सांगतात. दिवाळीपासून एकच जण गेला, तोही नाशिकला घरजावई म्हणून.

आता यातली गंमत बघ. कोणी जातच नाही, मग ‘का जातोस’ विचारू कोणाला? मी दोन महिने टेबलाशी बसून वृत्तांची उजळणी करतोय. परवा कलावती मान खाली घालून म्हणाली, “गुरुजी, तुमची जागा आता बंद होतेय. येत्या शनिवारी तुमचा निरोप समारंभ.” बिचारी रडवेली झाली होती. मी मात्र रस्त्याने गुणगुणत घरी आलो.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझाच बाकावरचा शेजारी,
भिवाजी

ता. क. शनिवारी शहाडला तू यायचंच. माझ्याबद्दल कोणीतरी लहानपणापासूनचं बोलायला हवं. भाषण सोबत जोडलं आहे. तांबड्या शाईने खूण केली आहे तिथे गळा दाटून येऊ दे.

ता. क. २. पत्र बंद करताना साहेबांचा निरोप आला: नव्या पोरांना मराठी कविता शिकवायला गुरुजींनी राहावं. मी ‘विचार करून सोमवारी सांगतो’ म्हटलंय. शनिवार पार पडेपर्यंत कोणाजवळ बोलू नकोस.