तीनच्या फोनवर जगलेले जंतू

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण गेल्या आठवड्यापासून कंबर धरली आहे आणि एकदा आडवी झाले की उठवायला घरात कोणी नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरची त्यांची व्याख्यानं दोन्ही सुरू असतील असं धरून चालते. इकडे मी ठीक. (ठीक म्हणजे काय ते पुढे येईलच.) आई गेल्याला पाच महिने झाले आणि तेवढेच महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस. त्यात तुझी काही चूक नाही. त्या दिवशी तीनला तू फोन केलास, "लगेच निघ" म्हणालीस, आणि मी म्हणाले, "दोन तासांत निघते, हातातला प्रयोग आटपते." आई पावणेपाचला गेली. मी सातला पोचले. तू दारातच विचारलंस, "जंतू बरे आहेत ना तुझे?" हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. इतके दिवस लागले कारण मलाच ठाऊक नव्हतं. मला तुझ्याकडून काहीही नको आहे, नुसतं वाचलंस तरी पुष्कळ झालं.

तर माझे जंतू. तुला मी कामाचं कधी सांगितलं नाही, कारण आपल्या फोनवर बोलायचीस तू आणि विषय असायची आई. एका जंतूत चार हजारांवर जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला लागलेली नसतात. घरातले सगळे दिवे आपण एकदम लावत नाही, तसंच. उष्णता वाढली की एक जनुक जागं होतं आणि बाकीच्यांना हाका मारून उठवतं. मग डागडुजी करणारे सगळे कामाला लागतात आणि जंतू तगून जातो. आम्ही ते हाका मारणारं जनुकच कापून टाकलं होतं. असा जंतू गरम पाण्यात ठेवला की दहा मिनिटांत मरायला हवा. आमचे मरेनात. शंभरातले साठ-साठ जगायचे. आमचे प्रमुख, म्हणजे सर, हरखून गेले. (सरांना हरखलेलं मी अकरा वर्षांत दोनदा पाहिलं, पहिल्यांदा खोलीला खिडकी मिळाली तेव्हा.) या जंतूंना हाक मारणारं दुसरं कोणीतरी लपून बसलं आहे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. सात महिन्यांत लेख लिहून झाला, स्वीकारला गेला, आणि जिन्याजवळच्या फळ्यावर माझा फोटो लागला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत, पण लोक म्हणाले विचारमग्न दिसतेस.

आई गेल्यानंतर मी आठवड्याने कामावर आले आणि जंतू मरायला लागले. एकूण एक. काचेच्या बशा कोऱ्या करकरीत, एक ठिपका नाही (जगलेला प्रत्येक जंतू रात्रीत बशीत वाढून ठिपका होतो). मी पाणी बदललं. उष्णतामापक बदलला. सूप नवं केलं (जंतूंचं अन्न, आम्ही सूप म्हणतो, चव बघू नये). नळ्या हलवत ठेवणारं यंत्र खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, मग परत आणलं, त्यातच कंबर गेली. सर रोज सकाळी दारात उभे राहून नुसते बघायचे, ते ओरडण्यापेक्षा वाईट. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, मला शोक नीट करता येत नाही म्हणून माझ्या वतीने हे मरताहेत. असले विचार लेखात लिहिता येत नाहीत, म्हणून तुला लिहिते.

उलगडा केला आमच्या बाटल्या धुणाऱ्या बाईंनी. तीस वर्षं त्या या इमारतीतली काच धुताहेत आणि कोणाचं काम कसं चाललंय हे त्यांना मोरीत कळतं. गेल्या महिन्यात मी कोऱ्या बशांसमोर बसले होते, तर त्या टोपलीत नळ्या लावता लावता म्हणाल्या, "हल्ली बहिणीचा फोन येत नाही वाटतं?"

नाही म्हटलं.

"तरीच. तेव्हा तुमच्या नळ्या काय गढूळ असायच्या, घासून घासून हात भरून यायचे. आता निम्मं काम नाही बघा."

ताई, मी उठून वही काढली. वहीत प्रत्येक दिवशी, सात महिने, एकच वेळ: नळ्या यंत्रावरून काढल्या, तीन वाजता. सुवाच्य अक्षरात. कारण तो रकाना मी सकाळीच भरून ठेवायची. (माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांनी असं केलं तर मी त्यांना उभं सोलते.) तीन वाजता काढून गरम पाण्यात ठेवायच्या हे ठरलेलं होतं आणि तीन वाजता, आईचा डोळा लागला की, तुझा फोन यायचा. तू बोलायचीस चाळीस मिनिटं. आईने चष्मा उशीच्या अभ्र्यात लपवला, आई तुला नर्स समजली आणि नर्सला तू समजली आणि तिच्याशी जास्त चांगली वागली, हे सगळं मी खिडकीशी उभी राहून ऐकायची आणि नळ्या यंत्रावर हलत राहायच्या. चाळीस मिनिटांत जंतूंच्या दोन पिढ्या होतात. एकाचे चार झाले, सूप संपत आलं, सगळे उपाशी. आणि भुकेला जागं होणारं जनुक वेगळं असतं, त्याला आम्ही हात लावलेला नव्हता. ते जागं झालं की वाढ बंद करतं, भिंती जाड करतं, आतलं सगळं आवरून बांधून ठेवतं. ही तयारी भुकेसाठी केलेली, पण उष्णता आली तरी उपयोगी पडते. हे आम्हाला नव्याने सापडलेलं नाही. पुस्तकात आहे. मी दरवर्षी शिकवते.

खात्री करायला मी निम्म्या नळ्या तीनला काढल्या, निम्म्या तीन चाळीसला. मधली चाळीस मिनिटं काय करायचं सुचेना, तेव्हा फोन समोर ठेवून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बशा पाहिल्या. तीनच्या मेलेल्या, तीन चाळीसच्या जगलेल्या. माझा इतका चोख प्रयोग आजवर झाला नव्हता.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हणजे सात महिने आपण तुमच्या बहिणीच्या फोनचा अभ्यास केला."

हो म्हटलं.

"मग फोन का बंद झाला?"

तेही सांगितलं. मला वाटलं होतं आता बोलणी बसतील. पण लेख मागे घेण्याचं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'चूक कोणाची' या रकान्यात माझ्याबरोबर स्वतःचंही नाव घातलं. फोटो उतरवला आहे. नोकरीचं काय ते पुढच्या महिन्यात समिती ठरवेल.

आता उत्तर. त्या दिवशी तुझा फोन झाल्यावर मी निघायला हवं होतं. निघाले नाही आणि प्रयोगही केला नाही, अर्धा तास फोन हातात धरून खिडकीशी उभी होते. मग नळ्यांची आठवण झाली आणि त्या पाण्यात ठेवल्या, कारण ते मला येत होतं. एकसष्ट टक्के जगले. वहीत तसं लिहिलेलं आहे, वेळ तीन. त्यातलं काहीच खरं नाही. खरं असतं तर तुझ्यासमोर ठेवायला एक सबब तरी असती, की बघ, काहीतरी मोठं हाताला लागत होतं. तेही नव्हतं. (उपाशी जंतू आधीपासून तयार असतात वगैरेतून बोध काढू नकोस. मी काढून पाहिला. तू मला सात महिने रोज थोडं थोडं सांगून तयार करत होतीस, आणि मी तरीही तयार नव्हते.)

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. भावोजींना हे वाचायला देऊ नकोस, ते मला जंतू समजावून सांगतील.

ता. क. दुसरा. मला काही नको असं वर लिहिलं आहे, ते खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते. पण खोटं आहे. आईच्या प्रत्येक दिवसाचं तू मला सांगितलंस, शेवटच्या दिवसाचं तेवढं नाही. तीन ते पावणेपाच. ती काही बोलली का, कोणाचं नाव घेतलं का, की नुसतीच झोपली होती, जे असेल ते. शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी स्वयंपाकघरात बसून राहीन. पण सांगितलंस तर उभं राहून ऐकणार नाही, तुझ्याजवळ बसून ऐकेन.