सतराव्या पानावरचा पत्ता

सातपूर, नाशिक
४ ऑगस्ट २०२५

ती. रोहिणीताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पाकिटावर नेहमीप्रमाणे तुझ्या घरमालकीणबाईंचं, कुसाबाईंचं नाव घातलंय. त्यांना माझा नमस्कार सांग.

ताई, माझी पटकथा एका कंपनीने घेतली. इतकी आनंदाची बातमी अशी घाबरत लिहावी लागेल असं वाटलं नव्हतं. तुझीच गोष्ट आहे ती, चार वर्षांपूर्वी तू एका पिशवीनिशी मालेगावहून, नवऱ्याच्या, भिकनच्या घरातून निघालीस त्याची. नावं-गावं बदलेन या अटीवर तू लिही म्हणालीस, आणि मी बदललीही होती. पण माझी सवय तुला माहीत आहे. पहिला खर्डा मी खऱ्या नावांनीच लिहिते, नाहीतर माणसं बोलतच नाहीत. तोही रविराजला नुसता चाळायला म्हणून पाठवला होता. रविराज म्हणजे माझा मॅनेजर, मला पहिलं काम मिळवून देणारा. चाळीस नट-लेखकांची कामं बघतो आणि फोन उचलला की बोल पटकन एवढंच म्हणतो.

नावं बदललेला दुसरा खर्डा पाठवला तेव्हा चार मिनिटांचा निरोप बोलून ठेवला. आधी तब्येतीची चौकशी, मग आभार, आणि पहिला खर्डा कुणाला देऊ नकोस हे अगदी शेवटी. तो अर्ध्या मिनिटापुढे काही ऐकत नाही. शुक्रवारी विमानतळावरून त्याने विचारलं, पाठवू ना? मी हो म्हटलं. कुठला, ते विचारायचा धीर झाला नाही. आज कंपनीची पोच आली, तर गेलाय तो पहिलाच. त्यात तू रोहिणी आहेस, भिकन भिकनच आहे आणि सतराव्या पानावर तुझी वणीची रोपवाटिका आहे.

रविराजला अजून सांगितलेलं नाही. मूर्ख म्हणून त्याने सोडून दिलं तर मला दुसरं कोण विचारणार? मी काय करू ते तू कळव.

तुझी लाडकी,
स्नेहा


वणी
७ ऑगस्ट

चि. स्नेहास,
अनेक आशीर्वाद.

पत्र नळापाशी उभ्यानेच वाचलं. हात मातीचे होते, ते तसेच राहिले. रोपांचे ट्रेही भरायचे राहिले. दुपारी फाटकाशी मोटारसायकल थांबली तर मी टोमॅटोच्या ट्रेंमागे खाली बसून राहिले. रोपांचा भाव विचारायला आलेला शेतकरी होता बिचारा. तो गेल्यावरही मला उठवेना. वणीला आल्यापासून असं झालं नव्हतं गं. आता कुठे रस्त्याकडे पाठ करून काम करायला शिकले होते.

तू लहानपणापासून अशीच. सहलीला जायचं असलं की आधी आईची सगळी भांडी घासून द्यायचीस आणि मग दाराआडून विचारायचीस. त्या रविराजपुढेही भांडीच घासत बसलीस! रागावू की हसू, समजत नाही. पण एक सांगते. तू त्याच्या रागाला भितेस, आणि मी कोणाला भिते ते तुला ठाऊक आहे. माझ्या गळ्यावरची खूण तू पाहिली आहेस. तेव्हा हे पत्र मिळताच त्याला सगळं सांग, आणि पहिल्या वाक्यात सांग.

कुसाबाईंच्या फोनवर मात्र फोन करू नकोस. मागे एका फोनवरूनच भिकनने मला सटाण्यात गाठलं होतं. तू स्वतःही येऊ नकोस, तो तुझ्या मागे असतो.

जेवत जा. लोभ कमी झालेला नाही, उगाच रडू नकोस.

तुझी,
ताई


सातपूर, नाशिक
११ ऑगस्ट

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मिळताच कुसाबाईंना घेऊन दुसरीकडे कुठेही जा. बाकीचं मागाहून वाच.

कंपनीने नाशिकच्या कलाकारांना चाचणीसाठी दोन पानं पाठवली. ती मोबाइलच्या गटागटांतून फिरली. भिकनचा चुलतभाऊ सावळीराम इथे नाटकात कामं करतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्याने गटावर सगळ्यांसमोर विचारलं की ही आमची वहिनी तर नव्हे? आणि खाली हसरा चेहरा. ताई, तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सतरावं पान त्या दोन पानांत नाही, पण सावळीराम कंपनीत जाऊन-येऊन आहे.

शनिवारी तुझं पत्र आलं आणि लगेच रविराजला फोन केला. तब्येत विचारली नाही. माझ्या बहिणीचा जीव जाईल, हेच पहिलं वाक्य. तो गाडीत होता, दुसऱ्या फोनवर निर्माता होता. मी सगळं सांगितलं. मग त्याने एकच विचारलं, जागा कुठल्या पानावर आहे? मी सतरा म्हटलं. त्याने फोन ठेवला.

तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. हा माणूस दवाखान्यात सलाइन चालू असतानाही फोनवर बोलत होता. त्याने मला टाकलं, दुसरं काय? टाकू दे. पोलिसांत कालच अर्ज दिलाय. स्वतः निघणार होते, पण सकाळपासून कोपऱ्यावर भिकनची गाडी उभी आहे. मी निघाले तर त्याला वाटच दाखवीन. खूप भीती वाटते ताई.

तुझी अपराधी,
स्नेहा


१९ ऑगस्ट

चि. स्नेहास,
अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप आहे, हे आधी वाच. तुझं मागचं पत्र कुसाबाईंनी मला फोनवर वाचून दाखवलं, कारण ते पोचलं तेव्हा मी वणीत नव्हते.

रविवारी सकाळी एक अनोळखी माणूस रोपवाटिकेत आला. कुणाला काही विचारलं नाही. फाटकातून थेट हिरव्या जाळीखाली, तिसऱ्या ओळीशी, माझ्यासमोर. तुम्ही रोहिणी, म्हणाला. माझ्या हातात खुरपं होतं, ते मी उगारलं. तो चार पावलं मागे सरकला, कागद पुढे धरले आणि सांगितलं की मी रविराज, स्नेहाचा मॅनेजर. तुझी पटकथा त्याने पहिल्यांदाच पूर्ण वाचली होती, गाडीत बसून. स्टँडवरून नुसत्या सतराव्या पानाच्या आधाराने माझ्यापर्यंत पोचायला त्याला वीस मिनिटं लागली. मी पोचलो तर तोही पोचेल, सामान घ्या, एवढंच तो म्हणाला.

कुसाबाईंनी त्याला आधी विळा दाखवला आणि मग चहा दिला. फोन त्याने मुद्दाम बंद ठेवला होता, स्वतःलाही कुणाला वाट विचारता येऊ नये म्हणून. मंगळवारी भिकन रोपवाटिकेत येऊन गेला. तिसऱ्या ओळीतले ट्रे त्याने पायाने उडवले, असं कुसाबाई सांगत होत्या. 

पटकथा रविराजभाऊंनी परत घेतली. त्या कंपनीत आता तुला काम मिळणार नाही, भाऊंच्या बाकीच्या नट-लेखकांनाही नाही. निरोप पुरता ऐकला नाही ही चूक आपली, असं ते दोनदा म्हणाले. त्यांना सोडू नकोस.

आता जे लिहायचं ते लिहिते. मी कुठे आहे ते त्यांना ठाऊक आहे, पण तुला सांगायचं नाही असं वचन मी त्यांच्याकडून घेतलंय. तू वाईट नाहीस गं. पण तुला जे कळतं ते तू लिहितेस, तुझ्याने राहवत नाही. मी जिथे झोपते ती जागा मला आता कुणाच्याच कागदावर नको, तुझ्यासुद्धा.

पत्रं लिहीत जा. त्यांच्या ऑफिसात दे, ते पोचवतील. पाकिटावर काही लिहू नकोस.

माया आहे तशीच आहे.
तुझी ताई