जोरहाटला पाठवलेला हात

३ डिसें. २००१
रेणूचा फोन. घरात फोन येऊन दोन महिने झाले, तरी घंटी वाजली की मी अजून पदराला हात पुसत पळते.
डॉक्टरणीने तिला प्रवास नको म्हणून सांगितलंय. म्हणजे डोहाळजेवणाला लेक कुरुंद्याला येत नाही. तिथेच, जोरहाटला करणार. २० जानेवारी, रविवार. क्वार्टरमधल्या दोन मराठी बाया सगळं बघणार आहेत. मी जावं, तर शाळेची रजा बाळंतपणासाठी राखून ठेवलेली.
"आई, साडी नको, काही नको. बांगड्या मात्र तुझ्याकडच्या."
हे म्हणाले, "आसामात काय बांगड्या मिळत न्हाईत?" मी नुसतं बघितलं. मग आपणच म्हणाले, "न्हाई, बराबर आहे."
सातव्या महिन्याचा हिरवा चुडा आईकडचा. डाव्या हातात अकरा, उजव्यात दहा. एकही कमी चालत नाही. काचेच्या. आणि मध्ये अर्धा हिंदुस्थान.

८ डिसें.
जवळा बाजार. मनियारचाचांचं बांगड्यांचं दुकान. माप सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "रेणूबेटी का हाथ मालूम है. दो-चार. डाव्या अंगठ्याचं हाड मोठं." लग्नात त्यांनीच भरल्या होत्या. पाच वर्षं झाली. मला स्वतःला ते हाड कधी दिसलं नव्हतं.
"सातवे महीने में पहनेगी ना? फिर एक नंबर बडा लो. हात सुजतात."
पोस्टाने पाठवायच्यात म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "हमारा माल गवत में आता, बाई. तरी दहा-वीस जातातच. ते आमी धरूनच चालतो."
मला एकही धरून चालायचं नाही.

११ डिसें.
सुचलं! घरात हळदीचं पोतं असताना मी गवत शोधत होते. बांगड्या डब्यात ठेवल्या आणि दळलेली हळद ओतली. गच्च. बोट जाईना. ओटीला हळद लागतेच, तीही पोचेल. वर पांढरं कापड शिवलं, लाख लावली. पोस्टात टाकून आले. स्वतःवर खूष. येताना कोपऱ्यावर जिलेबी घेतली.

२७ डिसें.
पार्सल पोचलं, सोळा दिवसांनी. रेणू फोनवर हसतच होती, आधी कळेचना.
"आई, पोस्टमन पिवळा, पिशवी पिवळी, शेजारच्या साहेबांची पत्रं पिवळी! तो विचारतोय, घरात लग्न आहे का?"
हळद डब्याच्या फटीतून, कापडातून वाटभर झिरपत गेली. जितकी गेली तितकी आत जागा झाली, आणि बांगड्या एकमेकींवर आपटत राहिल्या.
"किती राहिल्या?"
"आठ. बाकीच्या वाढल्या."
'फुटल्या' म्हणाली नाही. इतक्या लांब, इतकी शिकलेली, तरी बांगडीला तो शब्द लावत नाही. मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला आणि चुलीजवळ बसून थोडं रडले. मग तो पिवळा पोस्टमन डोळ्यांपुढे आला आणि हसू आलं.

२९ डिसें.
पुन्हा जवळा बाजार. पुन्हा एकवीस. चाचांनी आधी चहा मागवला.
मागचं सोळा दिवसांत गेलं. म्हणजे आता उशिरात उशिरा ४ तारखेला टाकलं तर २० ला. तेही रविवारी टपाल वाटलं तर.

३० डिसें.
रविवार. परीक्षेचा दिवस. गल्लीतल्या बायांनी आपल्या जुन्या बांगड्या आणून दिल्या. ह्यांनी गच्चीवरून डबे टाकायचं काम स्वतःहून घेतलं. इतके खूष मी त्यांना बैल आणला तेव्हाच पाहिले होते.
सोयाबीनचं भुसकट: चार गेल्या. डबा हलला की भुसकट खाली बसतं.
वर्तमानपत्राचे बोळे: तीन.
ज्वारीच्या लाह्या: एकच गेली. पण हे म्हणाले, "उंदरं काय पार्सल सोडतात व्हय? लाह्यांचा वास हिंगोलीपासूनच लागंल." बरोबर.
कापूस सरकीसकट: दोन. सरकी खड्यासारखीच.
शेजारच्या कमलवहिनी म्हणाल्या, "बाई, बांगड्यांपेक्षा तुमीच जा. तुमी काई फुटत न्हाई."

१ जाने. २००२
सोनाबाई आली होती. तांड्यावरची, आमच्या कापूस वेचणीला असते. साठीच्या पुढची. अंगणातले काचेचे तुकडे बघून म्हणाली, "काहून माय, भांडण झालं व्हय?"
सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली.
"आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ, धान लादून मुलूखभर फिरायचे. गोणी कधी अर्धी लादत नसत. अर्धी गोणी बैलाला बी लागते अन् माल बी मरतो. माल रस्त्यानं मरत न्हाई, बाई. हलल्यानं मरतो."
"मग हळद गच्च भरली होती की."
"हळद पळाली ना पन! जे पळतं ते कशाला भरायचं?"
तिच्या हातात मनगटापासून दंडापर्यंत बांगड्या. ते हात पुढे केले. "ह्या हातानं दगडं फोडली, पानी भरलं, लेकरं बडवली. ह्या काहून फुटत न्हाईत?"
मी तिच्या बांगड्यांवरून बोट फिरवलं.
"आत हात हाय म्हनून. तू बांगड्या रिकाम्या पाठवून राहिली. हात घालून पाठव की!"
आणि आपल्याच बोलण्यावर खळखळून हसली. मी हसले नाही. मी उठून कपाट उघडलं.

२ जाने.
माझी जुनी सुती साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली. रेणू लहानपणी हिच्याच पदरात झोपायची. तिच्या दोन गुंडाळ्या करायला घेतल्या. मनगटाएवढ्या. किती जाड? बारीक झाली तर बांगड्या खुळखुळतात, जाड झाली तर चढत नाहीत. तीनदा उसवलं.
शेवटी डोळे मिटून हात धरून बघितला तिचा. शाळेत नेताना धरायचे तसा. पण हाताला आठवला तो सहा वर्षांच्या पोरीचा. आताचा हात कसा असेल, सुजलेला, जड, ते मला माहीत नाही. चाचांना माहीत आहे. मापाची एक बांगडी समोर ठेवून तिच्यावरून शिवलं.

३ जाने.
सोनाबाईने आपल्या घरून कापूस आणला. बोटांनी एकेक सरकी काढलेला. "मशिनीचा नको. हा मऊ ऱ्हातो." दोघींनी मिळून कापडी हात भरले, ठासून. डाव्यावर अकरा, उजव्यावर दहा. बांगडी-बांगडीमध्ये सुताचा एक वेढा, म्हणजे एक दुसरीला लागायची नाही. टोकाला नकळत मी मुठीसारखी गाठ मारली. सोनाबाई म्हणाली, "अंगठा काढ ना आता!" डाव्याला काढला. हाड मोठं.
बिस्किटांचा लांबट डबा. उरलेल्या जागेत कापूस, झाकण गुडघ्याने दाबावं लागलं इतका.
ह्यांनी गच्चीकडे बघितलं. मी नको म्हटलं. मग म्हटलं, टाका. एकदाच.
डोळे मिटून उभी होते. उघडून बघितलं. एकवीस!! हे गच्चीवरून ओरडले, "अजून एकदा टाकू?"

४ जाने.
पोस्टात. मास्तरांनी शिवण तपासली, मागच्या पार्सलने त्यांचं टेबल पिवळं केलं होतं, ते विसरलेले नाहीत.
"बाई, ह्या वेळी हळद न्हाई ना?"
"नाही."
"मग काय आहे?"
"हात."
त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग पार्सल कानाशी धरून हलवलं. पुन्हा हलवलं. "कशाचाच आवाज न्हाई. रिकामं तर न्हाई ना पाठवत?"
त्यांना बसून सगळं सांगितलं. रांग लागली होती. रांगेनेही ऐकलं.

१४ जाने.
संक्रांत. वाण द्यायला बाया आल्या, प्रत्येकीने आधी तिळगूळ घेतला नि मग विचारलं, "पोचलं का?" आख्ख्या गल्लीचं पार्सल झालंय. कुठे असेल? कुठल्या गाडीत, कशाच्या खाली? दोन कापडी हात अंधारात, बांगड्या घालून. वेडं वाटतं, पण मला ते एकटे वाटत नाहीत.

१७ जाने.
नाही.
रेणू म्हणते, "आई, त्या आठ आहेत ना. आठच घालीन." आवाज तिचा मोठ्या बाईसारखा. मला समजावत होती.

१९ जाने.
आलं! दुपारी पावणेचारला फोन.
"आई, वजनाला काहीच नाही. काय आहे आत?"
"उघडू नको, उद्याच उघड. ओटी भरायच्या आधी." असं मीच म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. रीत म्हणून बोलून गेले.
"बरं. उद्या अकराला उघडते नि लगेच फोन करते."
"हलवून तर बघ."
मी ऐकत राहिले. ती तिकडे हलवत होती.
"आई, काहीच वाजत नाही गं."
मास्तर हेच म्हणाले होते. पण तेव्हा ते कुरुंद्यात होतं. सगळ्या शाबूत असल्या तरी वाजणार नाही. चुरा होऊन कापसात बसला असला तरी वाजणार नाही.

२० जाने., स. १०॥
रविवार. वेचणी चालू आहे, पण सोनाबाई गेली नाही. नऊपासून येऊन बसली आहे. "माझा कापूस हाय त्यात," म्हणते. हे तिसऱ्यांदा घड्याळाला किल्ली देऊन राहिलेत.
मी लिहिते आहे तर माझ्या हातातल्या संक्रांतीच्या नव्या बांगड्या वहीवर किणकिणतात. सोनाबाई रागावली.
"हात हलवू नको ना, बाई. घंटी ऐकू यायची न्हाई."
तिने आपले दोन्ही हात पोटाशी धरून ठेवलेत, दंडापर्यंत गप्प. मीही आता पेन ठेवते.