एका चाकाचा ब्रेक

आबा, सडा टाकून, म्हशीचं दूध काढून मी भाकरी घेऊन तुमच्यामागं शेतात आले होते. अवकाळी पाऊस पडून गेलेला. कापसाची ट्रॉली काळ्या रानात फसली. ट्रॅक्टरचं एक चाक जागेवरच गरगर फिरतंय, दुसरं हलत नाही. "कोणतं फिरून राह्यलं गं?" तुम्ही ओरडता. "उजवं!" तुम्ही मागच्या दोन चाकांच्या दोन ब्रेकांना जोडणारी कडी काढता आणि फक्त उजवा दाबता. फिरणारं चाक अडतं, जोर डाव्याला मिळतो, ट्रॉली निघते. आई बांधावरून म्हणते, "पोरीला इचारल्याबिगर बापाला डावं-उजवं कळत न्हाई." तुम्ही हसलात. पण डांबरी लागायच्या आधी कडी लावलीत आणि मला दरडावलंत, "रस्त्यावर दोन्ही ब्रेक बराबर लागले पाह्यजेत. न्हाई तर ट्रॅक्टर उलटतो."

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी तुमचे जावई वाटूरच्या रस्त्यावर कडी लावायची विसरले. ब्रेक एकाच चाकाला लागला. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

तुमची नात आता कॅनडात नर्स आहे. तिथं हिवाळाभर रस्त्यावर बर्फ. तिनं गाडी घेतली आणि कौतुकानं सांगितलं, "आई, चाक घसरलं की गाडी आपोआप तेवढ्या एकाच चाकाला ब्रेक लावते." मी म्हणाले, "माझी शपथ आहे, बर्फात ती गाडी काढायची नाही." तिचे वडील ट्रॅक्टर उलटून गेले एवढंच तिला माहीत, कडीचं मी कधी सांगितलं नव्हतं. ती बसथांब्यापर्यंत बर्फातून चालत जायला लागली. मागच्या आठवड्यात पडली, मनगट मुरगळलं. "शपथ तुझी, अन् हाडं माझी," म्हणाली.

मग मी गाडीचं पुस्तक मोबाइलवर मागवलं आणि मराठी करून वाचलं. गाडी निघताना, वेग कमी असताना, घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो आणि जोर पकड असलेल्या चाकाकडं जातो. तुम्ही करायचात तेच. आपण पायानं ब्रेक दाबला की मात्र चारही चाकांना ब्रेक लागतो. विसरायला कडीच नाही. बर्फावर थांबायला याचा उपयोग नाही, तिथं हळू चालवणं आणि हिवाळ्याचे टायर, असंही लिहिलंय.

सगळं समजलं, तरी त्या दिवशी मी तिला फोन केला नाही. हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: ही भीती सोडली तर तुमच्या जावयांचं माझ्याजवळ उरलेलं आणखी काहीतरी जाईल, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला, कडीचं सगळं सांगितलं, आणि शपथ सुटली म्हणाले.